समुद्राच्या गायरानाची नोंद कोण ठेवणार?

वाढवणपासून नवापूरपर्यंतच्या खडकांवरचे शेवाळ बदलले, तर ते खाऊन जगणाऱ्या चिमुकल्या जिवांचे काय होते? प्रश्न किरकोळ वाटतो. पण कालवांपासून शेवंडीपर्यंतचा हिशेब त्याच्याशी जोडलेला आहे.

थंडीच्या दिवसांत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी लागली, की डहाणू तालुक्यातील वरोर-वाढवणच्या किनाऱ्यावर समुद्र बराच आत हटतो आणि काळ्या खडकांचे पठार उघडे पडते. या पट्ट्यात उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास असतो. पाणी परतण्याआधीच्या दोन-तीन तासांत बायका टोपल्या घेऊन कालवे काढायला खडकांवर उतरतात. कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही, हे त्यांना शेवाळाच्या रंगावरून कळते. बाकीच्यांच्या लेखी शेवाळ म्हणजे पाय घसरण्याचे कारण, एवढीच त्याची ओळख.

प्रत्यक्षात हा खडक म्हणजे समुद्राचे गायरान आहे. गावाच्या गायरानात जशी गुरे चरतात, तसे इथे हजारो लहान जीव दिवसरात्र चरत असतात. गायरानात गवताची जात बदलली तर गुरांवर परिणाम होतो आणि गुरे कमी झाली तर गवत माजते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. समुद्राच्या गायरानालाही हाच नियम लागू आहे. फरक इतकाच, की या गायरानाचा सातबारा नाही आणि त्यातल्या गुरांची गणती कुणी नेमाने करत नाही.

ही गुरे कोण? टोपीच्या आकाराचा, खडकाला घट्ट चिकटलेला लिम्पेट. गोलसर, काळपट नेरिटा शंख. पाठीवर आठ पट्ट्यांची ढाल वागवणारा कायटन. या सगळ्यांच्या तोंडात कानशीसारखी एक पट्टी असते आणि तिच्यावर बारीक दातांच्या रांगा असतात. तिने ते खडक खरवडतात. लिम्पेटच्या दातात लोहाचे खनिज असते. २०१५ मध्ये ब्रिटनमधील पोर्टस्मथ विद्यापीठाच्या संशोधकांनी या दाताची ताकद मोजली, तेव्हा तोवर तपासलेल्या जैविक पदार्थांत तो सर्वांत मजबूत ठरला. या दातांनी लिम्पेट खातो काय? डोळ्यांना जेमतेम दिसणारा, खडकावरचा बुळबुळीत पापुद्रा. त्यात सूक्ष्म शैवाले असतात आणि मोठ्या शेवाळाचे नुकते रुजलेले अंकुरही असतात. म्हणजे लिम्पेट जे खरवडतो, त्यात उद्याचे शेवाळाचे रान असते.

दुसरा गट शेवाळाच्या झुबक्यात राहणाऱ्यांचा. कोळंबीचे दूरचे नातलग असलेले, काही मिलिमीटर लांबीचे अ‍ॅम्फिपॉड आणि आयसोपॉड शेवाळाच्या मूठभर गुंत्यात शेकड्यांनी सापडू शकतात. त्यांच्यासाठी शेवाळ हे घर आणि ताट दोन्ही. तिसरा गट खवय्यांचा. काही सागरी गोगलगायी ठरावीक हिरव्या शैवालाचाच रस शोषतात. त्यांतल्या काही तर शैवालातील हरितद्रव्याचे कण पचवून न टाकता आपल्या शरीरात काही काळ जपून ठेवतात आणि स्वतःही हिरव्या दिसतात. अशा जिवाचे शैवाल गेले, की त्याच्यापुढे दुसरे ताट नसते.

शेवाळ हा शब्द एकवचनी असला तरी खडकावरचा समाज एकजिनसी नाही. तपकिरी सरगॅसम झुडपासारखा वाढतो. त्याच्या सावलीत ओहोटीच्या वेळीही ओलावा टिकतो. पडिना पंख्यासारखा पसरतो आणि अंगावर चुन्याचा पातळ थर चढवतो. उल्व्हा पातळ, कोवळ्या पानासारखा. त्याला खाणारे पुष्कळ, पण तो झपाट्याने वाढतो आणि पाण्यातला नायट्रोजन वाढला की आणखी फोफावतो. कॉलर्पामध्ये रासायनिक कडवटपणा असतो, म्हणून बरेच जीव त्याच्या वाटेला जात नाहीत. अनेक तपकिरी शैवालांतही चरणाऱ्यांना नकोशी वाटणारी संयुगे असतात. खडकावर कोणते शैवाल आहे, यावर तिथे कोण जगेल हे ठरते आणि कोण चरत आहे यावर कोणते शैवाल टिकेल हे ठरते. दोरीची दोन्ही टोके एकमेकांना ओढत असतात.

या ओढाताणीला ऋतूंचाही ताल आहे. पावसाळ्यात लाटा, गढूळ पाणी आणि नद्या-ओहोळांचा गोडा लोट यांमुळे बरेचसे शैवाल निघून जाते. ऑक्टोबरनंतर पाणी निवळू लागते, हिवाळ्यात शैवाल भरात येते आणि वैशाखाच्या उन्हात वरच्या खडकांवरचे करपते. म्हणून एखाद्या महिन्यात एकदा किनाऱ्यावर जाऊन ‘इथे शेवाळ कमी आहे’ किंवा ‘भरपूर आहे’ असे म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. बदल ओळखायचा तर अनेक वर्षांचा ताल माहीत असावा लागतो.

हा ताल तुटला की काय होते, याचा जगातला सर्वांत बोलका धडा १९६७ चा आहे. त्या वर्षी मार्चमध्ये ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. लाखाहून अधिक टन कच्चे तेल त्यात होते. किनारा स्वच्छ करण्यासाठी हजारो टन रासायनिक द्रावक फवारण्यात आले. तेलाने जितके लिम्पेट मारले, त्याहून कितीतरी जास्त या औषधाने मारले. मग काही आठवड्यांतच खडक हिरवेगार झाले. चरणारे उरले नव्हते, त्यामुळे हिरवे शैवाल माजले आणि त्याच्या पाठोपाठ तपकिरी शैवालाने खडक झाकून टाकले. वरवर पाहणाऱ्याला वाटावे, निसर्ग सावरला. पुढे या दाट शैवालाच्या ओलाव्यात लिम्पेटची नवी पिढी अमाप संख्येने वाढली, तिने सगळे शैवाल फस्त केले आणि मग तिचीच उपासमार झाली. किनारा पूर्वपदाला येण्यास १० ते १५ वर्षे लागली. ज्या ठिकाणी तेल तसेच सोडले होते, द्रावक फवारले नव्हते, तिथे मात्र दोन-तीन वर्षांत घडी बसली.

या घटनेतून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. हिरवा खडक हे आरोग्याचे लक्षण असेलच असे नाही. ते चरणाऱ्यांच्या मरणाचेही लक्षण असू शकते. आणि चरणारे गेल्यानंतरचे हेलकावे शांत व्हायला एक पिढी जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०११ च्या सागरी उष्णतेच्या लाटेने हाच धडा उलट बाजूने दिला. तिथे आधी शैवाल मेले. केल्प या मोठ्या तपकिरी शैवालाची राने किनाऱ्याच्या सुमारे १०० किलोमीटर पट्ट्यातून नाहीशी झाली, त्यांची जागा बुटक्या, गुंतागुंतीच्या शैवालगालिच्याने घेतली आणि उष्ण पाण्यातून आलेल्या चरणाऱ्या माशांनी केल्पला पुन्हा डोके वर काढू दिले नाही.

आता पालघरकडे वळू या. या किनाऱ्यावर एकाच वेळी तीन दाब काम करत आहेत: उष्णता, सांडपाणी आणि गाळ. हे तिन्ही शैवालाची जात बदलणारे घटक आहेत.

उष्णतेची गोष्ट आधी. तारापूरला १९६९ पासून देशातले पहिले अणुऊर्जा केंद्र उभे आहे. २००५ आणि २००६ मध्ये तिथे ५४० मेगावॅटच्या दोन मोठ्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. अशा केंद्रात निर्माण झालेल्या उष्णतेपैकी साधारण एक-तृतीयांशाचीच वीज होते. बाकीची बहुतांश उष्णता थंडाव्यासाठी घेतलेल्या पाण्याबरोबर समुद्रात जाते. जगभर अशा गरम पाण्याच्या मुखाशी तपकिरी शैवाले मागे हटून उष्णता सोसणारी धाग्यांसारखी हिरवी-निळी शैवाले पुढे येताना दिसली आहेत. हा परिणाम मुखाजवळच्या मर्यादित भागातला असतो. पण आता समुद्रच तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी तापमान शतकभरात १.२ अंशांपर्यंत वाढले आहे. थंड रक्ताच्या जिवांची भूक पाण्याबरोबर वाढते. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरगॅसम आणि त्यावर चरणारे अ‍ॅम्फिपॉड यांना वेगवेगळ्या तापमानात ठेवले, तेव्हा उष्ण पाण्यात चरणाऱ्यांचा शैवालावरील भार वाढला. एका मर्यादेपलीकडे मात्र भूक वाढत नाही, जीवच जातो. म्हणजे तापमान थोडे वाढले तर गायरान उजाड होण्याचा धोका, फार वाढले तर गुरे मरण्याचा.

दुसरा दाब सांडपाण्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले, देशात सर्वाधिक. हे गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट, हे लक्षात घ्यायला हवे. इथल्या कारखान्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या किनाऱ्याजवळ समुद्रात जाते. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने भरपाईचा आदेश दिला. त्या लढ्यात पाण्याचे नमुने, मासळीची घट, बुडालेला रोजगार यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण पाण्याचा नमुना त्या दिवसाची, त्या तासाची गोष्ट सांगतो. रात्री काय वाहून गेले, ते सकाळच्या बाटलीत सापडत नाही. खडकाला चिकटलेला लिम्पेट पळून जात नाही. महिनोन्‌महिने त्या पाण्यात काय होते, याचा तो साक्षीदार असतो. शैवाल पाण्यातले जड धातू अंगात साठवते, चरणारा ते शैवाल खातो, खेकडा किंवा मासा त्या चरणाऱ्याला खातो आणि मासा माणसाच्या ताटात येतो. त्यामुळे हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

तिसरा दाब गाळाचा, आणि तो येत्या काही वर्षांत सर्वांत मोठा ठरण्याची चिन्हे आहेत. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. तालुक्यासाठी नेमलेल्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला आणि २०२३ मध्ये परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव आणि १० किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध असे त्याचे स्वरूप आहे. एवढ्या कामात पाणी गढूळ होणार, प्रवाहांची दिशा बदलणार आणि काही ठिकाणी गाळ साचणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. युरोपातील प्रयोगांत खडकावर गाळाचा पातळ थर बसला तरी लिम्पेटचे चरणे मंदावते आणि मरण्याचे प्रमाण वाढते, असे आढळले आहे. खरवडायला कोरडा-स्वच्छ खडकच मिळत नाही, आणि पायाची पकडही सुटते. गाळ धरून ठेवणाऱ्या बुटक्या शैवालगालिच्याला मात्र तेच मानवते.

इथे कालवे काढणाऱ्या बायकांचा संबंध येतो. कालवाची अळी पाण्यात तरंगत येते आणि कठीण, मोकळी जागा सापडली की कायमची चिकटते. चरणारे शंख अशी जागा मोकळी ठेवतात. जाता जाता काही कोवळी कालवे तेही खरवडून टाकतात, पण गालिचा माजला तर अळीला जागाच उरत नाही. अ‍ॅम्फिपॉड-आयसोपॉड हे खडकांत वाढणाऱ्या तांब, हेकरूसारख्या माशांच्या पिल्लांचे खाणे. शंख-शिंपले हे शेवंडीचे. चरणाऱ्यांची संख्या ढासळली, तर तिचा फटका टोपलीत दिसायला काही वर्षे लागतात आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. मग ‘यंदा कालवं कमीच आहेत’ एवढेच वाक्य उरते.

यावर एक आक्षेप हमखास येतो. देशाला वीज हवी, बंदर हवे, कारखाने हवेत. मूठभर गोगलगायींसाठी हे सगळे थांबवायचे का? बंदर असावे की नसावे हा वाद मोठा आहे आणि तो त्याच्या जागी चालू राहील. पण प्रकल्पाचे समर्थक आणि विरोधक दोघांनाही एक गोष्ट सारखीच लागते: आधीची नोंद. उद्या खडक उघडे-बोडके झाले किंवा हिरवे लोळागोळा झाले, तर ते भरावामुळे झाले, सांडपाण्यामुळे की तापलेल्या समुद्रामुळे, हे कशावरून ठरवणार? नोंद नसेल तर नुकसानभरपाई मागणाऱ्याकडे पुरावा नसतो आणि निर्दोष असलेल्याकडे बचाव नसतो. दुसरा आक्षेप असा, की लाटरोधक बांध म्हणजे नवा खडकच आहे, जीव तिथे जातील. काही जातील. पण बांधाच्या उभ्या दगडांवर ओहोटीत पाणी धरून ठेवणारी डबकी नसतात, सपाट पठार नसते; अशा कृत्रिम किनाऱ्यांवर नैसर्गिक खडकाइतकी विविधता सहसा येत नाही.

पर्यावरणीय अहवालांत जीवांच्या याद्या असतात. शैवालाच्या यादीची परंपरा तर फार जुनी आहे. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक बॉर्गेसन यांनी १९३० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शैवालांवर शोधनिबंधांची मालिकाच प्रसिद्ध केली. यादी उपयोगाचीच असते. पण गायरानातल्या गवताची नावे लिहिली म्हणून गुरे किती, ती काय खातात आणि गेल्या वर्षीपेक्षा रोडावली का, हे कळत नाही. त्यासाठी ठरलेल्या जागी, ठरलेल्या ऋतूत, वर्षानुवर्षे मोजणी लागते.

ही मोजणी खर्चिक नाही. अर्ध्या मीटरची चौकट, भरती-ओहोटीचे वेळापत्रक, कॅमेऱ्याचा फोन आणि खडकावर खूण केलेल्या काही कायमच्या जागा, एवढे पुरते. चौकटीत किती टक्के कोणते शैवाल, किती लिम्पेट, किती नेरिटा, किती कायटन. शैवालाची मूठभर जुडी चाळणीत धुतली तर किती अ‍ॅम्फिपॉड. चरणाऱ्यांचा प्रभाव तपासायचा तर खडकावर तांबेयुक्त रंगाचे कडे आखले, की शंख सहसा ते ओलांडत नाहीत. कड्याच्या आतला आणि बाहेरचा खडक काही आठवड्यांत वेगळा दिसू लागतो. पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयासारख्या संस्थांतील विज्ञानाचे विद्यार्थी हे काम करू शकतात. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमात सामान्य नागरिकांनी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर फिरून शेकडो जिवांच्या नोंदी केल्या आहेत. जे गिरगाव आणि हाजी अलीला जमते, ते वरोर, चिंचणी आणि केळव्याला का जमू नये?

अर्थात, सगळा भार विद्यार्थ्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. प्रकल्प उभारणाऱ्यांनी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने खडकाळ किनाऱ्याची ही मोजणी नेहमीच्या तपासणीत घ्यावी, ती भरावाचे काम वाढण्याआधी सुरू करावी आणि आकडे दर वर्षी मराठीत, सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध करावेत. मोजणीच्या जागा निवडताना कालवे काढणाऱ्या बायकांना विचारावे. कोणता खडक कधी शेवाळ धरतो आणि कोणत्या खडकावर आता काही मिळत नाही, याची सर्वांत जुनी वही त्यांच्या डोक्यात आहे. ती कागदावर उतरलेली नाही, एवढेच.

वेळ मात्र फार नाही. भराव पडल्यानंतर केलेली पहिली नोंद ही ‘आधीची नोंद’ होऊ शकत नाही. कॉर्नवॉलच्या संशोधकांना आपल्या किनाऱ्याचे काय बिघडले हे सांगता आले, कारण अपघाताच्या आधीपासून तिथले खडक कुणीतरी पाहत आले होते, लिहीत आले होते. पालघरच्या खडकांना अजून ती संधी आहे. पुढच्या थंडीतल्या पौर्णिमेला ओहोटी लागेल, तेव्हा टोपल्यांबरोबर एक चौकट आणि एक वहीही खडकांवर उतरली पाहिजे.